अज्ञात ‘क्ष’ची ओळख

बीजगणितांत अज्ञात राशीस ‘क्ष’ म्हणण्याचा प्रघात आहे. वैद्यकानें मुलांच्या एका दुर्मिळ रोगासही असेंच अक्षर दिलें होतें.

इ. स. १८९३ मध्यें फिलाडेल्फिया येथील डॉ. आल्फ्रेड हँड यांनीं तीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे डोळे बाहेर आलेले होते व त्यास अतिशय लघवी होत असे. हा क्षयाचाच प्रकार, असा हँड यांचा समज झाला. पुढील चाळीस वर्षांत शूलर, ख्रिश्चन, लेटरर व सीवे यांनीं अशा रोग्यांचीं वर्णनें केलीं. कोणाच्या कवटीच्या हाडास भोंकें पडलेलीं, तर कोणाचीं यकृत व प्लीहा सुजलेलीं; तान्हीं बालकें तर बहुधा दगावत. हे सर्व रोग निरनिराळे मानले गेले. १९५३ सालीं डॉ. लिख्टेनस्टाइन यांनीं त्यांतील पेशींचें साम्य ओळखून सर्वांस एका नांवाखालीं आणलें; कारण अज्ञात, म्हणून त्या नांवास ‘एक्स’ जोडला.

या पेशी कोठल्या? १८६८ सालीं बर्लिन येथें पाउल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्यानें त्वचेंत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या व त्या मज्जातंतूंच्या मानल्या. १९६१ मध्यें बर्बेक यांस विद्युत्कणदर्शकाखालीं त्याच पेशींत टेनिसच्या रॅकेटसारखे सूक्ष्म कण दिसले. १९७३ मध्यें फ्रान्समधील नेझलोफ यांनीं तसेच कण रोगट पेशींत दाखविले, आणि रोगास लांगरहान्सचें नांव मिळालें.

परंतु शोध तेथें थांबला नाहीं. २०१० सालीं तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकीं ३५ नमुन्यांत ‘बी-राफ’ नामक जनुकांत एकच बिघाड आढळला. पुढें असेंही दिसून आलें कीं, या पेशी त्वचेंतून निघत नसून अस्थिमज्जेंतील रक्तजनक पेशींच्या वंशांतील आहेत. म्हणजे ज्यावरून रोगाचें नामकरण झालें, तें नातेंच खरें नव्हतें!

नांव चुकलें तरी शोध वायां गेला नाहीं. त्या बिघडलेल्या जनुकाच्या कार्यास आवर घालणारीं औषधें आज उपलब्ध आहेत. इतर उपायांस न जुमानणारा रोगही त्यांनीं पुष्कळदा हटतो. मात्र औषध थांबवितां तो अनेकदां परततो. तेव्हां ‘क्ष’ची किंमत पुष्कळशी कळली, पण उदाहरण अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. तें सुटण्यावर कित्येक बालकांचें आयुष्य अवलंबून आहे.