शालूची मागची बाजू

मराठीत काशी म्हणजे गंगा, घाट आणि अहिल्याबाईंनी उभारलेलं विश्वेश्वराचं देऊळ. आपली काशी बहुधा तिथेच संपते. दशाश्वमेध घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर मदनपुरा आहे. लग्नात नवरीच्या अंगावर जो 'बनारसी शालू' असतो, तो विणणाऱ्या मुस्लिम विणकरांची ही जुनी वस्ती. प्रवासवर्णनांत ती क्वचितच भेटते.

इंजिनियरिंगला संगणकाचा इतिहास एका परिच्छेदात उरकला होता: १८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्डने भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग केला, बॅबेजने ती कल्पना उचलली, आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलेरिथच्या यंत्रांनी तसेच पत्ते वापरले. बनारस त्यात कुठेच नव्हतं. खरं तर जॅकार्ड इथे पोहोचण्याआधी इथल्या मागांवर 'जाला' होता. नक्शाबंद नावाचा कारागीर कागदावरची वेलबुट्टी आधी दोऱ्यांत बांधायचा. प्रत्येक आडव्या ओळीला कोणते ताणे उचलायचे आणि कोणते सोडायचे, हे त्या दोऱ्यांच्या जाळ्यात साठवलेलं असे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे आणि त्याचा मदतनीस, बहुतेकदा घरातलंच पोर, एकेक दोर खेचत जाई. उचललेला ताणा म्हणजे एक, न उचललेला म्हणजे शून्य. माझ्या मते हा प्रोग्रॅमच आहे, फक्त सुतात लिहिलेला.

जॅकार्डने दोर खेचणाऱ्याची गरज संपवली. भोक असलं की सुई आत शिरते आणि ताणा उचलला जातो, नसलं की तो जागेवर राहतो. नक्शा आता ग्राफच्या कागदावर उतरू लागला आणि त्यावरून पत्ते कापणारे वेगळे कारागीर तयार झाले. काम सोपं झालं, तशी नक्कलही. पत्त्यांचा गठ्ठा पॉवरलूमच्या जॅकार्डसाठीही करता येतो, आणि सुरतेत बनारसी वळणाच्या साड्या धडाधड निघतात. नक्शा कुणी काढला, हे साडीवर कुठेच लिहिलेलं नसतं. (आमच्या धंद्यात निदान कोडच्या फाइलवर नाव तरी राहतं.) विणकराला मजुरी साडीमागे मिळते. भाव ठरतो गद्दीवर, आणि गद्दी बहुतेक वेळा विणकराची नसते.

२००९ साली बनारसी ब्रोकेड आणि साड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. वाराणसीसह मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ हे जिल्हे त्यात आले. पण दुकानात पदर उलगडला जातो तेव्हा मानांकनापेक्षा साडीची मागची बाजू जास्त सांगते. 'फेकुआ' विणीत जर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते. बुट्ट्यांमधले मोकळे धागे मागे लोंबतात, मग ते कापून टाकतात. 'कढुआ'त प्रत्येक बुट्टीला स्वतःची छोटी कांडी असते, आणि धागा त्या बुट्टीपुरताच फिरून परत येतो. मागे कापायला काही उरतच नाही. साध्या पॉवरलूमला हे जमत नाही. त्याला एकाच धोट्याने सरळ पलीकडे जाणं ठाऊक, आणि बुट्टीपाशी थांबून माघारी वळायला माणसाचा हात लागतो.