जखमेचा आठवा दिवस

१६५९ सालच्या पावसाळ्यात अफजलखानाची छावणी वाईत होती. हा मुलूख त्याला नवा नव्हता, पूर्वी तो वाईचाच सुभेदार होता. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: १० नोव्हेंबर, प्रतापगडाचा पायथा, शामियाना, वाघनखं. चौथीच्या पुस्तकापासून आपण तिथेच थांबत आलो आहोत. पण त्याच दिवशी जावळीच्या रानात खानाच्या फौजेशी लढाई झाली, आणि त्या लढाईनंतरची एक नोंद सभासदाच्या बखरीत आहे. मेलेल्यांच्या मुलांना चालवलं, मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन दिलं, आणि जखमींना जखम कमी की जास्त ते बघून २००, १००, ५० किंवा २५ होन दिले.

मला ही नोंद वाघनखांहून मोठी वाटते. जखमेचं वजन करणारं राज्य त्या काळात सगळीकडे नव्हतं.

पण जखम पहिल्या दिवशी बघून तिचं वजन कळतं का? तलवारीच्या घावाने रक्त वाहून माणूस जातो तो काही तासांत. त्यातून वाचलेल्याची दुसरी परीक्षा पुढे असते. पाचव्या, आठव्या, दहाव्या दिवशी ताप भरतो, जखम पू धरते, श्वास लागतो. त्या काळी याचं खापर हवेवर, पथ्यावर, नाहीतर नशिबावर फुटायचं. जंतू कळले एकोणिसाव्या शतकात, पण तेवढ्याने कोडं सुटलं नाही. जंतू तर रोजच अंगावर असतात. विळ्याने कापलेलं बोट आपोआप बरं होतं. मग मोडलेल्या मांडीवाल्यालाच ते का भारी पडतात?

उत्तराची पहिली कडी एका काट्यात आहे. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावात एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. घरचे सगळे सर्कस बघायला गेले होते, हा सूक्ष्मदर्शकापाशी. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात, असं त्याने मांडलं. खूप टिंगल झाली, पण १९०८ साली नोबेलही मिळालं. (मुंबईत परळला ज्याच्या नावाची संस्था आहे तो प्लेगची लस काढणारा हाफकिन याच मेचनिकॉफचा विद्यार्थी. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशात पेशीला ‘कोशिका’ म्हणतात. मी आपला शाळेतल्या ‘पेशी’वरच राहतो.)

काट्याची गोष्ट सरळ आहे, कारण काटा एका जागी असतो. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल या सर्वांत मोठ्या गटाला हाक एकाच दिशेने येते. त्या तिकडे सरकतात, जंतू गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. हाडांतला मगज अशा सुमारे १०० अब्ज पेशी रोज बनवतो.

मोठ्या दुखापतीत ही दिशाच हरवते. मांडी मोडली, छाती चेपली, लिटरभर रक्त गेलं, की लाखो पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सामान रक्तात सांडतं. त्यात तंतुकणिकाही असतात. तंतुकणिकांचे पूर्वज फार प्राचीन काळी स्वतंत्र जिवाणू होते, आणि त्यांचा डीएनए अजून जिवाणूंच्या वळणाचा आहे. न्यूट्रोफिल या तुकड्यांनाच जंतू समजतात, असं बोस्टनच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं. शत्रू आलेलाच नाही, पण साऱ्या मुलखात नौबत वाजलेली.

मग या पेशी भलत्याच ठिकाणी, विशेषतः फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि आपला दारूगोळा तिथेच उडवतात. फुप्फुसात पाणी भरतं. व्हिएतनाम युद्धात हे लख्ख दिसलं. हेलिकॉप्टरमुळे सैनिक वेळेत इस्पितळात पोचू लागले, रक्तस्रावातून वाचू लागले, आणि काही दिवसांनी श्वास अपुरा पडून दगावू लागले. तिथल्या लष्करी तळाच्या नावावरून डॉक्टरांनी त्याला ‘डा नांग लंग’ म्हटलं.

इकडे खऱ्या जखमेपाशी पोचलेल्या पेशींचं बळ घटलेलं असतं. त्यांना वाट नीट सापडत नाही, जंतू गिळला तरी तो धड मारता येत नाही. मगज अर्ध्या कच्च्या पेशीच मोहिमेवर धाडतो. इथे मात्र फौजेची उपमा अपुरी पडते, कारण शरीर त्याच वेळी स्वतःला लगामही घालत असतं. लिम्फोसाइट कमी होतात. मोनोसाइट पकडलेल्या जंतूची ओळख इतर पेशींना पटवून देतात, तेही आता ते काम नीट करत नाहीत. आधी भडका आणि मग थकवा, असा क्रम डॉक्टर बरीच वर्षं धरून होते. २०११ साली अमेरिकेत गंभीर जखमी रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे ८० टक्के जनुकांचं काम बदललेलं आढळलं, आणि भडका व लगाम दोन्ही पहिल्यापासून बरोबरच चालू होते.

सगळ्यांचं असं होत नाही. १७६१ साली पानिपतावर महादजी शिंदे पायावर घाव होऊन पडले. राणाखान भिस्त्याने त्यांना उचलून बाहेर काढलं. पाय अधू झाला तो झालाच, पण त्या पायाने ते पुढे तेहेतीस वर्षं जगले आणि दिल्लीचं राजकारण हातात धरून राहिले. वय तिशीचं होतं, घाव एका जागी होता. त्याच रणातून धड सुटलेले नाना फडणवीस पुढे वाईशेजारी मेणवलीला वाडा बांधतात. इतिहासात दोघेही वाचलेल्यांच्या यादीत, पण दोघांच्या शरीरांनी मोजलेली किंमत एक नव्हे.

जखमेचं वजन आजही करतातच. १९७४ पासून दुखापतीला १ ते ७५ गुण देण्याची पद्धत जगभर आहे. तीही मुख्यतः काय मोडलं, काय फाटलं यावर चालते. सारखेच गुण असलेले दोघे शेजारच्या खाटांवर असतात, एक आठव्या दिवशी उठून चहा मागतो, दुसऱ्याला ताप चढतो.

घाटात बाईक घसरलेल्या मित्राचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो, तेव्हा सगळे वरचाच आकडा बघतात. पांढऱ्या पेशी १८,०००, निरोगी माणसात ४,००० ते ११,०००. कुणी म्हणतं इन्फेक्शन झालं, कुणी म्हणतं प्रतिकारशक्ती जोरात आहे. पहिल्या दिवशी हा आकडा यांपैकी काहीच सांगत नाही, नुसत्या धक्क्यानेही तो तेवढा चढतो. खाली बारीक अक्षरात लिम्फोसाइटची ओळ असते. ती दिवसामागून दिवस खालीच राहिली, तर वॉर्डातले डॉक्टर त्या खाटेपाशी जरा जास्त वेळ थांबतात.