पट्टी, वर्गणी आणि अनुदान : राजूरच्या खाणपट्ट्यातील गावकामांच्या पैशाचा इतिहास

राजूर हे यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील कोळशाचे आणि चुन्याचे गाव. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर या भागात जमिनीखाली पसरलेले आहेत आणि चुनखडीही विपुल आहे. त्यामुळे शेतीच्या जोडीला खाण आणि चुनाभट्टी हे इथले जुने रोजगार. अशा गावात शाळेची खोली, विहिरीचे बांधकाम, समाजमंदिर, वाचनालय, स्मशानभूमीचे शेड ही लहान सार्वजनिक कामे कोणाच्या पैशातून उभी राहिली, हा प्रश्न साधा वाटतो. त्याच्या उत्तरात मात्र दीडशे वर्षांचा राज्यकारभार येतो. सरकारने बसवलेली पट्टी, गावाने आपसात जमवलेली वर्गणी आणि अर्ज करून मिळवलेले अनुदान या तीन वाटांनी हा पैसा आला. तिसऱ्या वाटेने येणाऱ्या पैशाकडे मेहेरबानी म्हणून पाहण्याची सवय पडली आहे. ती चुकीची आहे, कारण अनुदानाचा बराचसा पैसा गावाच्याच जमिनीवर आणि कोळशावर बसवलेल्या करातून उभा राहिलेला असतो.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव त्या काळी वणीवरून पडलेले होते. इंग्रजी दफ्तरात तो ‘वून’ जिल्हा म्हणून नोंदला जाई आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडात रयतवारी पद्धतीची जमाबंदी झाली आणि शेतसाऱ्याबरोबर शाळा, रस्ते यांसाठी वेगळी पट्टी वसूल होऊ लागली. पुढे १८८५ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी मंडळे स्थापन झाली आणि या पट्टीचा पैसा जिल्हा व तालुका मंडळांच्या हाती आला. पट्टी प्रत्येक गावातून गोळा होई, पण शाळा प्रत्येक गावाला मिळत नसे. ज्या गावाला ती हवी असे, तिथले पाटील आणि प्रतिष्ठित शेतकरी तालुक्याला जाऊन अर्ज देत. खोली बांधून देण्याची किंवा जागा देण्याची तयारी दाखवली, तर मास्तर मिळण्याची शक्यता वाढे. ‘आधी गावाने काही द्यावे, मग सरकार देईल’ ही अनुदानाची अट तेव्हापासूनच रूढ झाली.

याच सुमारास कोळशाचा शोधही चालला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रावरचा अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. नदीपलीकडे चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी खाण त्याआधीच सुरू झाली होती. वणी भागातील कोळसा पुढे खासगी कंपन्यांनी काढला आणि तो वाहून नेण्यासाठी माजरीहून वणीमार्गे राजूरपर्यंत रेल्वेचा फाटा आला. खाणीमुळे शेतकरी गावाशेजारी मजुरांची दुसरी वस्ती उभी राहिली. तिच्याजवळ सातबारा नव्हता आणि शेतसाऱ्याच्या पट्टीतही तिचा वाटा नव्हता. पाणी, दवाखाना, शाळा यांसाठी ती खाणमालकावर अवलंबून होती.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. कोळशाचे उत्पादन वाढवायचे तर मजूर टिकला पाहिजे, या गरजेतून १९४४ मध्ये वटहुकुमाने कोळसा खाण कामगार कल्याण निधी निर्माण झाला आणि १९४७ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर दर टनामागे काही आण्यांचा उपकर बसला. त्यातून कामगारांची घरे, पाणीपुरवठा, दवाखाने, शिक्षण आणि करमणुकीची साधने यांवर खर्च करायचा होता. राजूरच्या दृष्टीने या कायद्यातील तत्त्व मोलाचे होते, कारण जमिनीतून निघालेल्या मालावर कर बसवून त्याचा ठरावीक भाग तिथे राबणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची रीत त्याने घालून दिली. मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. निधी कामगारांसाठी होता, गावासाठी नव्हता. खाणीच्या उपशाने ज्याची विहीर आटली, तो शेतकरी त्यात बसत नव्हता.

गावाकडे पैशाची जी वाट स्वतःची होती, ती वर्गणीची. विदर्भात हरिनाम सप्ताह, भंडारा, मंदिराचा जीर्णोद्धार ही कामे लोकवर्गणीतूनच होत आली आहेत. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने वर्गणी घेतली जाई. पायलीभर ज्वारी देणाऱ्याचे नाव वहीत चढे आणि ज्याच्याकडे द्यायला धान्य नसे तो गाडीची फेरी किंवा दिवसभराची अंगमेहनत देई. संत गाडगेबाबा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या दोन संतांनी या जुन्या रीतीला नवे वळण दिले. मंदिरासाठी देणारा हात धर्मशाळा, शाळा, रस्ता, गावसफाई यांकडे वळावा, असा त्यांचा आग्रह होता. गुरुकुंज मोझरीहून चालणाऱ्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातील खेड्यापाड्यांत पसरल्या आणि सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीला श्रमदान आले. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी योजनांनी ‘लोकसहभाग’ हवा म्हटले, तेव्हा विदर्भातील गावांना तो नव्याने शिकावा लागला नाही.

स्वातंत्र्याच्या आसपासची काही वर्षे या भागात सत्तेची रचना पुन्हा पुन्हा बदलली. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४६ चा पंचायत कायदा आला, १९४८ मध्ये तहसील पातळीवर जनपद सभा आल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी, ग्रामसेवक ही पदे गावाच्या ओळखीची झाली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा यांनी अर्जाची वाट निश्चित केली. ग्रामपंचायतीचा ठराव वणीच्या पंचायत समितीत जाणार, तिथून यवतमाळच्या जिल्हा परिषदेत. सदस्य बदलले आणि योजनांची नावे बदलली, तरी ही वाट साठ वर्षांनंतरही बव्हंशी तीच आहे.

या व्यवस्थेत लहानशा कामाचा कागद कसा प्रवास करतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सुरुवात ग्रामसभेच्या इतिवृत्तात होते. विषय क्रमांक, कामाचे नाव, जागा, सूचक, अनुमोदक, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ आणि खाली सह्या-अंगठे. जागेसाठी सातबारा किंवा नमुना आठचा उतारा लागतो. जागा दुसऱ्याची असेल तर ना-हरकत दाखला. मग बांधकाम उपविभागाचा शाखा अभियंता जागा पाहून चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. त्यावर तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. काम सुरू झाले की प्रत्येक टप्प्याची लांबी-रुंदी-खोली मोजमाप पुस्तिकेत चढते आणि त्या नोंदीवरच देयक निघते. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला, छायाचित्रे आणि उपयोगिता प्रमाणपत्र. बहुतेक अर्ज लबाडीने नव्हे, जागेच्या कागदाने अडतात. तीस वर्षे सगळे गाव ज्या जागेवर पोळा भरवते, ती जागा कागदावर कोणाची आहे हे अर्ज करताना प्रथमच कळते. खाणपट्ट्यात ही अडचण जास्त, कारण बरीच जमीन खाणीसाठी संपादित झालेली असते आणि तिच्यावर साधे शेड बांधायलाही कंपनीची परवानगी लागते.

कॅलेंडरही अर्जाइतकेच निर्णायक ठरते. सरकारी वर्ष ३१ मार्चला संपते आणि ठरलेल्या मुदतीत न खर्चलेला निधी परत जातो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजुऱ्यांची घाई होते आणि ज्या गावाचा ठराव, उतारा आणि अंदाजपत्रक आधीपासून तयार असते, त्याचे काम आधी लागते. यात अन्याय आहे. ज्या वस्तीत लिहिणारे, पाठपुरावा करणारे कमी, ती दरवर्षी मागे राहते, आणि कामाची गरज बहुधा तिथेच जास्त असते.

खाणीच्या बाजूने १ मे १९७३ रोजी मोठा बदल झाला. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे या भागातील खाणी आल्या. कामगार कल्याणाची जबाबदारी हळूहळू कंपनीनेच घेतली आणि १९४७ चा कल्याण निधी कायदा १९८६ मध्ये रद्द झाला. वसाहतीत नळ, दवाखाना आणि दिवे होते. वसाहतीबाहेरच्या गावाला मात्र पंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर भागवावे लागे. एकाच पाटीखाली राहणाऱ्या दोन वस्त्यांतील हा फरक खाणपट्ट्यातील जुने दुखणे आहे.

त्यानंतरच्या काळात निधीची दारे वाढली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने नोंदणीकृत वाचनालयांना ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले होते. १९९३ मध्ये खासदारांचा स्थानिक विकास निधी आला. राज्यात आमदार निधीही रुळला. ग्रामविकास खात्याच्या ज्या लेखाशीर्षातून गावांतर्गत रस्ते, गटारे, सभामंडप होतात, त्याला गावोगावी नुसते ‘पंचवीस पंधरा’ म्हणतात. २००० नंतर पाणी योजनांत सरकारने वर्गणी ही उघड अट केली. स्वजलधारा आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने साधारण दहा टक्के वाटा उचलायचा, स्वतःची पाणीपुरवठा समिती नेमायची आणि मागणी स्वतः नोंदवायची होती. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. जिल्ह्यातल्या मारेगाव, केळापूर, राळेगाव आणि घाटंजी तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रात मोडणाऱ्या गावांना त्याच वर्षापासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधीही मिळू लागला. त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते आणि त्यासाठी कोणाच्या शिफारसपत्राची गरज पडत नाही.

राजूरच्या दृष्टीने या सर्वांत महत्त्वाचा बदलही २०१५ चाच. खाण व खनिज कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करणे बंधनकारक झाले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांनी १० टक्क्यांइतकी रक्कम स्वामित्वधनाव्यतिरिक्त या प्रतिष्ठानात भरायची. कोळशावरील स्वामित्वधन २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के आहे. म्हणजे जुन्या खाणीतून १०० रुपयांचा कोळसा निघाला की १४ रुपये राज्याला आणि वर ४ रुपये २० पैसे खाणबाधितांच्या नावाने जमा होतात. २०१५ च्याच सप्टेंबरमध्ये आलेल्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने त्यातला किमान ६० टक्के खर्च पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता, महिला व बालकल्याण अशा कामांवर करण्याचे बंधन घातले. १९४४ च्या उपकरात जो शेतकरी बसत नव्हता, तो सत्तर वर्षांनी या कायद्यात बाधित म्हणून बसला.

कंपनीचा स्वतंत्र निधीही १ एप्रिल २०१४ पासून कायद्याच्या चौकटीत आला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. वेस्टर्न कोलफिल्ड्स जिची उपकंपनी आहे त्या कोल इंडियाच्या धोरणात ही रक्कम किंवा मागील वर्षाच्या उत्पादनावर टनामागे दोन रुपये, यांपैकी जे जास्त ते धरले जाते आणि त्यातला मोठा हिस्सा खाणीपासून २५ किलोमीटरच्या परिघात वापरायचा असतो.

पैसा वाढला, पण निर्णय गावापासून दूर राहिला. खनिज प्रतिष्ठानाच्या कामांची यादी जिल्ह्याच्या ठिकाणी ठरते. बाधित गावांच्या ग्रामसभेने सुचवलेली कामे आराखड्यात यावीत, असे नियमांत असले तरी जिल्ह्याच्या मोठ्या इमारती आणि रस्ते यांच्यापुढे वाचनालयाच्या खोलीची मागणी मागे पडते, ही तक्रार देशभरातील खाणजिल्ह्यांत ऐकू येते. जानेवारी २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्राधान्यक्षेत्रांवरील किमान खर्च ७० टक्क्यांवर नेला आणि खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित ठरवला.

कोळसा मात्र संपणारा आहे. खाण बंद पडली की स्वामित्वधन थांबते आणि त्यासोबत या निधीत पडणारी भरही थांबते. म्हणूनच या निधीतील काही रक्कम कायम ठेव म्हणून बाजूला ठेवून खाणकाम संपल्यानंतरच्या उपजीविकेसाठी वापरण्याची तरतूद केंद्राच्या सूचनांत आहे. राजूरसारख्या जुन्या खाणगावाच्या ग्रामसभेने समाजमंदिर आणि शेड यांच्या मागणीबरोबर या ठेवीतल्या वाट्याचा ठरावही आजच इतिवृत्तात नोंदवून ठेवला पाहिजे.