गोंदिया जिल्ह्यातील मामा तलावांमधील परकीय जलप्रजाती

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात माजी मालगुजारी तलावांमध्ये (मामा तलाव) स्थानिक जलप्रजाती आणि बाहेरून आलेल्या वनस्पती व मासे यांच्यात जागा, प्रकाश व अन्न यांसाठी स्पर्धा आढळते. तिचे परिणाम सूक्ष्म प्राणिप्लवकांपासून मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजापर्यंत पोहोचतात.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. येथील अनेक तलाव गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने भातशेतीच्या सिंचनासाठी बांधले. नवेगाव बांध हा त्यांपैकी प्रसिद्ध तलाव होय. १९५० च्या कायद्याने मालगुजारी पद्धत रद्द झाल्यावर तलावांची मालकी शासनाकडे आली.

प्राणिप्लवकांचे स्थान

रोटिफर, क्लॅडोसेरा (जलपिसवा) आणि कोपेपॉड हे गोड्या पाण्यातील प्रमुख प्राणिप्लवक होत. ते वनस्पतिप्लवक खातात व स्वतः माशांच्या पिल्लांचे अन्न बनतात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या बुडीत वनस्पतींमध्ये त्यांना माशांपासून आसरा मिळतो. हा आसरा नष्ट झाल्यास आकाराने मोठ्या जलपिसवा आधी खाल्ल्या जातात, शैवालावरील नियंत्रण सुटते व पाणी हिरवे होऊ लागते.

परकीय प्रजाती

उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली बेशरम (इपोमिया) ही वनस्पती तलावाच्या पाळीवर व उथळ काठावर दाट वाढते. गुरे ती खात नाहीत आणि तुटलेल्या खोडालाही मुळे फुटतात. त्यामुळे देवधान, कंदवर्गीय जलवनस्पती व काठावरील गवत मागे हटते. अशा कंदांवर सारस क्रौंचही उपजीविका करतो.

माशांपैकी सायप्रिनसची बँकॉक जात १९५७ मध्ये, तर गवत्या व चंदेरा १९५९ मध्ये भारतात आणले गेले. गवत्या मासा बुडीत वनस्पतीच खातो. सायप्रिनस अन्नासाठी तळ उकरतो. त्यामुळे पाणी गढूळ होऊन वनस्पतींना प्रकाश कमी मिळतो. कटला भारतीय असला तरी मत्स्यसंवर्धनासाठी मोठ्या संख्येने सोडला जातो. तो मुख्यतः प्राणिप्लवक खात असल्याने लहान स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी ठरतो.

स्थानिक आणि परकीय

एखादी प्रजाती आक्रमक ठरते ती नव्या परिसरात. आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलियात मूळ असलेली ‘डॅफ्निया लुमहोल्ट्झी’ ही जलपिसू १९९० च्या दशकारंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जलाशयांत आढळली. उन्हाळ्यात पाणी तापून तेथील डॅफ्निया कमी होतात, त्या काळात ती वाढते. डोके व शेपटीवरील लांब काट्यांमुळे लहान माशांना ती गिळणे अवघड जाते. मोकळी झालेली जागा परकीय प्रजातीला कशी मिळते, याचे हे उदाहरण आहे.

पुनरुज्जीवन

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था आणि महिलांसोबत काही तलावांचे पुनरुज्जीवन केले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटली जाते, तळाचा भाग नांगरला जातो आणि नंतर स्थानिक जलवनस्पती लावल्या जातात. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा, अन्न वा अंडी घालण्यास जागा देते, याचे ढिवरांचे पारंपरिक ज्ञान निवडीचा आधार ठरते. केवळ बेशरम काढल्यास रिकामी जागा ती पुन्हा व्यापते. म्हणून उपटणे व लागवड ही दोन्ही कामे जोडीने केली जातात.