किराणा, बहिष्कार आणि मोबाईलवरचे दुकान

ऑनलाइन किराणा घ्यावा की कोपऱ्यावरच्या दुकानातून, या चर्चेत सवलत, वेळ आणि भाजीचा ताजेपणा एवढेच मुद्दे येतात. आम्हाला मात्र हा प्रश्न तेवढ्यावर सोडता येत नाही. कारण दुकानाशी आपल्या समाजाचा इतिहास वेगळा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांना दुकानाची पायरी चढता येत नव्हती. दुकानदार पुडी वरून पदरात टाकायचा. पैसे जमिनीवर ठेवावे लागायचे आणि पाणी शिंपडून मगच तो ते उचलायचा. काट्यात काय चालले आहे ते दिसायचे नाही आणि विचारायची सोयही नव्हती. पैसा चालत होता, माणूस चालत नव्हता.

मार्च १९२७ मधली महाडची परिषद आठवा. चवदार तळे समोर असताना परिषदेसाठी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून पाणी विकत घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तेव्हा जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. गावच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायला नकार दिला, म्हणून धान्य-सामान बाहेरून आणावे लागले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, ती परिषद बाहेरून आणलेल्या किराण्यावर पार पडली. गल्ला बंद करून लढा मोडता येतो, हे गावाला माहीत होते. म्हणूनच आधी शिध्याची सोय करणे, हा लढ्याचाच भाग होता.

बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिने १९३० च्या अहवालात हीच गोष्ट नोंदवली. अस्पृश्यांनी हक्क बजावला की गाव त्यांचे काम बंद करतो, वाटा अडवतो आणि वाण्याकडून जीवनावश्यक माल मिळू देत नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली, ती याच अनुभवातून. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानातला प्रवेश हा हक्क म्हणून आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तरीही महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तो लागू झाला ३ जुलै २०१७ रोजी. यावरून काय ते समजा.

या पार्श्वभूमीवर ॲपचा फायदा छोटा नाही. ॲप आडनावावरून पायरीखाली उभे करत नाही. भाव आधीच समोर दिसतो, वजन छापलेले असते, बिल हातात येते. काय खाता यावर दुकानदाराची नजर नसते. शहरात नव्याने राहायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना हे मोकळेपण वाटते, आणि ते खरे आहे.

पण तोटेही तेवढेच खरे आहेत. बहिष्कार जिथे पडतो त्या गावात दहा मिनिटांत सामान पोचवणारे कुणी नाही. रोजंदारीवरची बाई संध्याकाळी दहा रुपयांचे तेल घेते, आठवडाभराची उधारी ठेवते. ॲपला तिची ओळखच नाही. आपल्यातल्या एखाद्याने कर्ज काढून टाकलेले छोटे दुकान कंपनीच्या सवलतीपुढे टिकत नाही.

आणि जात गेली कुठे? गल्ल्यावरून उठून ती लिफ्टपाशी उभी राहिली. कित्येक सोसायट्यांत सामान आणणाऱ्याला वेगळी लिफ्ट असते. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशाचा वेगळा ताफा जाहीर केला. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वेगळा रंग मागे घ्यावा लागला. शुद्ध-अशुद्धाची कल्पना मोबाईलमध्ये शिरायला वेळ लागत नाही.

पाठीवर पिशवी घेऊन धावणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली पोरेही आहेत. नीती आयोगाने २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला. बाबासाहेब मजूर मंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. या पोरांच्या तासांना अशी मर्यादा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचे नाव आले, पण किमान वेतनाचा हक्क आला नाही. कंपनीने आयडी बंद केला की त्याच क्षणी रोजी बंद, आणि बाजू ऐकायलाही कुणी नाही. याला आम्ही नवा बहिष्कारच म्हणतो.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ॲप वापरायला हरकत नाही, पण त्याला मुक्ती समजू नका. ॲपची सोय कंपनी उद्या काढून घेऊ शकते. हक्क कायद्याने मिळतो आणि संघटनेने टिकतो. महाडला बाहेरून आणलेला किराणा चळवळीच्या हातात होता. आज तो कंपनीच्या हातात आहे. म्हणून वस्त्यांत ग्राहक सहकारी भांडारे उभी करा, दारात आलेल्या कामगाराला पाणी विचारा, आणि त्याच्या युनियनच्या मोर्चाला जा.

जय भीम!