कल्प आणि संकल्प

सज्जनहो, पोर हट्टाला पेटलं की आई म्हणते, "रडून रडून नुसता कल्पांत केला!" कल्पांत म्हणजे कल्पाचा अंत. पण कल्प म्हणजे केवढा काळ, हे आपण कधी मोजलंय का?

मोजू या. कलियुगाची वर्षं ४,३२,०००. चारही युगं मिळून ४३,२०,०००. अशा हजार चौकड्या झाल्या की ब्रह्मदेवाचा एक दिवस, आणि तोच कल्प. म्हणजे ४३२ कोटी वर्षं! माणूस पुरी शंभर वर्षं जगला असं धरलं, तरी अशी ४ कोटी ३२ लाख माणसं एकामागून एक जगून जातील, तेव्हा एक कल्प सरेल.

आता शब्दाचं मूळ बघा. संस्कृतात 'कॢप्' हा धातू आहे. त्याचा अर्थ जुळणे, योग्य होणे, रचणे. वेदांच्या सहा अंगांपैकी एकाचं नाव कल्प. तिथे कल्प म्हणजे यज्ञकर्माची रीत. पुढे काळाच्या मोठ्या मापालाही हाच शब्द लागला. सृष्टीची मांडणी टिकते तेवढा काळ तो कल्प, असा अर्थ आपण लावू या.

काळवाचक कल्प किती जुना? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने गिरनारजवळच्या खडकावर लेख कोरवला. त्यात तो म्हणतो, माझे मुलगे, नातू, पणतू कल्पान्तापर्यंत धर्माचरण वाढवतील. भाषा प्राकृत, म्हणून तिथे कल्पाचा 'कप' झालाय. पण अशोकामागे साधारण पन्नास वर्षांतच मौर्यांचं राज्य संपलं! एवढा मोठा राजा, पण कल्प काही त्याच्या हाती आला नाही.

मग आपल्या हाती काय आहे? पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सांगतात. आधी श्वेतवाराह कल्प, मग वैवस्वत मन्वंतर, मग अठ्ठाविसावी चौकडी. विठोबाच्या आरतीतही युगांचा आकडा अठ्ठावीसच, बरं का! पुढे तिथी, वार, आणि शेवटी तुमचं गोत्र नि नाव. ४३२ कोटी वर्षांतून उतरत उतरत गुरुजी आजच्या वारावर आणि तुमच्यावर येऊन थांबतात. आणि आपण तेव्हा घड्याळ बघत असतो!

माउली, संकल्प हा शब्दही त्याच कॢप् धातूचा. कल्प ब्रह्मदेवाचा, संकल्प तुमचा. तेव्हा पुढच्या वेळी हातात पाणी घ्याल, तेव्हा कान देऊन ऐका. कल्पभर पुरेल असा बेत करू नका. आज जे नाम घ्यायचं ठरवलंय, ते आजच घ्या. राम कृष्ण हरी!