बुडी, विसावा आणि देवमासा

कुपवाडच्या माणसाला समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. आमची कृष्णासुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे निघून जाते. त्यामुळे आमच्या पिढीची बुडी मारण्याची शाळा म्हणजे मळ्यातली विहीर. पाठीला सुका भोपळा बांधून हातपाय हलवायला शिकायचे, आणि भोपळा सुटला की तळ गाठायचा. तळ गाठल्याचा पुरावा एकच, मुठीतला गाळ. मूठ रिकामी आली तर काठावर हशा पिकत असे. गाळ दाखवून पुन्हा लगेच उडी घ्यायला कोणी निघाला, की थारोळ्याजवळ बसलेले आजोबा दटावीत, "अरे, पायरीवर बस आधी. दम घे. विहीर कुठं पळून जात नाही." त्या बोलण्याचा तेव्हा राग येई. त्यात किती शहाणपण होते, हे पुष्कळ वर्षांनी प्रशांत महासागरातील पाणबुड्यांचा इतिहास वाचताना कळले.

आज जगभरातून माणसे दक्षिण प्रशांत महासागरातील टोंगा या पॉलिनेशियन राज्यात जातात ती देवमाशांच्या सहवासात पोहायला. पाठीवर हवेची नळकांडी नाहीत, छातीत भरून घेतलेला एक श्वास तेवढा सोबतीला. हा प्रकार नवा वाटतो, पण त्याच्या मागची विद्या फार जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात ख्रिस्तसभेचे पाऊल वारंवार उमटले आहे.

आपल्याला जवळची वाट मन्नारच्या आखाताची. 1542 साली गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर त्याच वर्षाच्या अखेरीस ज्या किनाऱ्याकडे निघाले, तो मोती काढणाऱ्या परवर लोकांचा किनारा. त्या समाजाने काही वर्षे आधीच बाप्तिस्मा घेतला होता, परंतु त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. हे पाणबुडे पायाशी दगड बांधून दोराच्या आधाराने तळाशी जात, शिंपल्यांनी जाळी भरत आणि दोर हलवला की होडीतला सोबती त्यांना वर ओढून घेई. त्याही आधी दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी मार्को पोलोने या किनाऱ्याचे वर्णन करताना शार्क माशांना मंत्राने बांधणाऱ्या मांत्रिकांचा उल्लेख केला आहे. त्यांना मोत्यांचा विसावा हिस्सा मिळत असे. मोती कोणाच्या गळ्यात गेले हे आपल्याला ठाऊक आहे. ते काढणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

अशाच शिंपल्यांसाठी पॉलिनेशियातील तुआमोटू द्वीपसमूहातले लोक पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारीत आले. तिथे मोती क्वचित सापडे. व्यापार होता तो शिंपल्याच्या चकाकत्या अस्तराचा. युरोपातील सदऱ्यांची बटणे त्यातून तयार होत. हिकुएरू बेटाच्या खाजणात हंगामात शेकडो पाणबुडे, त्यांत स्त्रियाही, सकाळपासून पाण्यात उतरत. तीस मीटर आणि त्याहूनही खोल जाऊन येत, आणि वर आल्यावर चार-सहा मिनिटांतच पुन्हा खाली जात. दिवसभर हेच चाले. मग काहींना चक्कर येई, वाचा बसे, हातपाय लुळे पडत, कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागे. बेटकऱ्यांनी या दुखण्याला नाव दिले होते 'तारावाना', म्हणजे वेड्यासारखे कोसळणे. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत हिकुएरूच्या एकाच दिवसाचा हिशेब आहे. 235 पाणबुड्यांपैकी 47 जणांना तारावाना झाला, त्यांतील सहा जणांना पक्षाघात झाला आणि दोघे दगावले. हवामान उत्तम होते, शिंपले भरपूर होते. म्हणूनच कोणी थांबले नसावे.

कारण पुढे उलगडले. प्रत्येक खोल बुडीत छातीतल्या हवेतील नायट्रोजन दाबाने थोडाथोडा रक्तात विरघळतो. वर येऊन पुरेसा वेळ थांबले तर तो निघून जातो. घाई केली तर साठत जातो आणि त्याचे बुडबुडे मेंदूपर्यंत पोहोचतात. याच नोंदीत एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मला विहिरीची पायरी आठवली. मांगारेवा बेटावरचे पाणबुडेही तितकेच खोल जात, पण दोन बुड्यांमध्ये बारा-पंधरा मिनिटे होडीला धरून स्वस्थ पडून राहत. त्यांच्यात हे दुखणे आढळले नाही.

मांगारेवाचे नाव कॅथलिक वाचकांना दुसऱ्याही कारणाने ठाऊक असावे. 1834 साली फादर लाव्हाल आणि फादर कारे हे दोन फ्रेंच धर्मगुरू तिथे उतरले. ज्या संघाने पुढे फादर दामियन यांना हवाई बेटांवर पाठवले, त्याच पिक्पूस संघाचे ते. रिकितेआ गावी त्यांनी प्रवाळाच्या दगडातून संत मायकलच्या नावाने एवढे मोठे मंदिर उभारले की इतक्या लहान बेटावर ते पाहून आजही प्रवासी चकित होतात. त्याची वेदी शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी मढवलेली आहे. फादर लाव्हाल यांच्या कडक शिस्तीवर आणि बेटकऱ्यांकडून करून घेतलेल्या बांधकामांवर त्यांच्या हयातीतच टीका झाली, आणि 1871 साली त्यांना बेट सोडावे लागले. मिशनरींच्या इतिहासातले हे पान उलटून पुढे जाऊ नये असे मला वाटते. त्या वेदीवरचा प्रत्येक तुकडा कोणीतरी श्वास रोखून वर आणलेला आहे.

आता टोंगा. दर वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात हंपबॅक जातीचे देवमासे अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यातून हजारो किलोमीटर पोहत वावाऊ आणि हापाई बेटांशेजारी पिले जन्माला घालायला येतात. मादी चौदा-पंधरा मीटर लांब, वजन तीस टनांच्या आसपास. तीही आपल्यासारखीच हवेवर जगते. आई खाली वीस-पंचवीस मिनिटे विसावू शकते, पण तान्ह्या पिलाला तीन-चार मिनिटांनी श्वासासाठी वर यावे लागते. ते वर येते, आईच्या डोक्यावर एक गिरकी घेते आणि पुन्हा तिच्या पोटाखाली जाते.

हीच सवय पूर्वी त्याच्या जिवावर उठत असे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य शिकारी जहाजांकडून टोंगाचे लोक भाल्याने देवमासा मारायला शिकले. पिलू हाती लागले की आई सोडून जात नाही, हे शिकाऱ्याला ठाऊक होते. छोट्या होड्यांतून वर्षाला मोजकेच मासे मारले जात. खरा संहार दूर दक्षिणेत झाला. 1959 ते 1961 या दोन हंगामांत सोव्हिएत जहाजांनी दक्षिण महासागरात सुमारे पंचवीस हजार हंपबॅक मारले, आणि जगाला खोटे आकडे दिले. टोंगाकडे येणारे देवमासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा 1978 साली राजे ताउफाआहाऊ तुपोऊ चौथे यांनी फर्मान काढून शिकार बंद केली. शिकारी कुटुंबांचा रोजगार गेला, गरिबांचे स्वस्त मांस गेले. 1990 नंतर त्याच पाण्यावर पाहुण्यांना देवमासे दाखवणाऱ्या होड्या दिसू लागल्या.

तिथे शिकायला येणाऱ्याला पहिले काही दिवस देवमाशाचे नावही काढू देत नाहीत. उथळ पाण्यात पालथे पडून अंग सैल सोडायचे. चेहऱ्याला गार पाणी लागले की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. निर्मात्याने ही देणगी देवमाशाला दिली तशी आपल्यालाही दिली आहे. कानांतला दाब सांभाळायचा. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. म्हणून उडीपूर्वी जोरजोराने श्वास घेऊन ती इच्छा मारणे घातक. माणूस पाण्यातच शुद्ध हरपतो. एकट्याने कधीही उतरायचे नाही, आणि बुडीला लागला त्याहून अधिक वेळ वर विसावा घ्यायचा. आजोबांचे शास्त्र हेच होते.

विसावा देवमाशालाही आहे. टोंगाच्या नियमांप्रमाणे एका वेळी चार पाहुणे आणि एक वाटाड्या एवढेच पाण्यात उतरतात, आणि एका आई-पिलाशी भेट संपल्यावर त्यांना दीड तास मोकळे सोडावे लागते. रविवारी तर सगळाच समुद्र मोकळा. 1875 च्या राज्यघटनेनेच तिथे शब्बाथ पवित्र ठरवला आहे. त्या दिवशी होड्या धक्क्याला, दुकाने बंद, आणि नेयाफूच्या टेकडीवरील संत जोसेफ कॅथेड्रलपासून लहानशा प्रार्थनाघरांपर्यंत चार सुरांतले सामुदायिक गायन. कमरेला विणलेली चटई गुंडाळून माणसे उपासनेला जातात. बुडी शिकायला आलेला परदेशी पाहुणा आधी चडफडतो, मग निमूटपणे मागच्या बाकावर येऊन बसतो. फादर शेव्हरों 1842 साली या बेटांवर उतरले तेव्हापासून कॅथलिकांचा समाज तिथे लहानच राहिला, तरी 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी टोंगाचे बिशप सोआने पातिता माफी यांना कार्डिनल केले.

सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. होड्या वाढल्या, नियम मोडू लागले, आणि पोहणारे जवळ आले की पिले असलेल्या माद्या आपली विश्रांती सोडून दूर निघून जातात, असे वावाऊच्या पाण्यात काम केलेल्या अभ्यासकांना दिसले आहे.

आणि आपला समुद्र? पुष्कळांना वाटते की देवमासा म्हणजे योनाच्या पुस्तकातील गोष्ट. आणि तिथेही शब्द आहे तो 'मोठा मासा' एवढाच. परंतु 2015 साली रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बेचाळीस फुटी निळा देवमासा येऊन मेला. त्याच वर्षी सिंधुदुर्गात कुणकेश्वरजवळ अभ्यासकांना जिवंत निळे देवमासे दिसले. आमच्या सांगलीत त्याचे नाव ऐकू येते ते निराळ्या कारणाने, कोणीतरी 'उलटी' विकताना पकडला गेला म्हणून.

हंपबॅकही आपल्याकडे आहे. अरबी समुद्रातले हे कुळ ध्रुवाकडे जातच नाही, बारा महिने इथेच राहते. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यापुढे या कुळातले दोनशेहून अधिक देवमासे मारले. आज शंभरच्या आत उरले असावेत असा अंदाज आहे. यांच्यासोबत पोहण्याची भाषा कोणी करू नये. त्यांना आधी विसावा हवा आहे. मार्च 2017 मध्ये गोव्याच्या ग्रांदे बेटापाशी पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनियंत्रात हंपबॅक नराचे गाणे नोंदले गेले. वरच्या अंगाला पर्यटकांच्या होड्या नेहमीसारख्या चालू होत्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे लहान यंत्र बसवण्यात आले. तिच्या शेपटीवर झाडासारखी नक्षी होती, म्हणून तिचे नाव ठेवले 'लुबान'. अरबीत लुबान म्हणजे ऊद, पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे ठेवला तोच. डिसेंबरात, नाताळची तयारी चालू असताना, लुबान सबंध अरबी समुद्र एकटीने ओलांडून गोव्यासमोर आली, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीच्या दिशेने दक्षिणेकडे गेली.